दारुड्या बापाचं गाणं

गिटारच्या तारा जुळवता जुळवता ऋजुताने नेहमीचा किस्सा सुरू केला. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, आणि तिच्या वाट्याला दुःख फारसं आलंच नव्हतं. म्हणून तिने एक बाप रचला होता, दारूपायी घर बुडवून मेलेला. त्याच्यावरचं गाणं सुरू झालं, तशी द्राक्षमळ्यातल्या महोत्सवाच्या उघड्या मैदानावर, उतरत्या उन्हात, माणसं डोळे पुसू लागली.

दुसऱ्या कडव्याला तिला पुढच्याच रांगेत अण्णा दिसले. हातात ज्येष्ठमधाची काडी, लहानपणी प्रत्येक स्पर्धेआधी तिला द्यायचे तशी. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेला तिचा बाप, न कळवता गाणं ऐकायला आला होता. तिचा आवाज कातरला. लोकांना वाटलं, पोरीला हुंदका आला. टाळ्या थांबेनात.

गाणं संपताच ती खाली धावली. शेजारच्या खुर्चीतल्या बाई अण्णांना म्हणत होत्या, "काय नशीब हो पोरीचं. असला बाप."

"वाईट माणूस असणार," अण्णा म्हणाले.

बाईंनी ऋजुताला पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला. 'हे माझे वडील,' एवढंच तर म्हणायचं होतं. अण्णा क्षणभर थांबले.

मग त्यांनीच काडी पुढे केली. "घ्या, गळ्याला बरी असते. छान गाता तुम्ही."

तिने ती घेतली.

"थँक्यू, काका," ती म्हणाली.