पानी गेलं कुठं?

वटार गावचे रामूतात्या इतके संशयी, की आपलीच सावली मागे का लागली म्हणून वळून तिला विचारायचे. खोटं वाटत असेल तर सावलीला विचारा. नातवाच्या डोक्यात पाणी साठलं, तेव्हा लहान मुलांच्या मेंदूची डॉक्टरीण म्हणाली, "नळी बसवायला नको. दुर्बिणीतून आतच वाट करून देते, पाणी आपोआप रक्तात जिरेल."

"शेजारच्या बोळिंजच्या पोराला नळी घातली, आन् आमच्याला नुसतं भोक?" तात्यांनी डोळे बारीक केले.

ऑपरेशन झालं. तात्यांनी उशी चाचपली, चादर उलटी करून पाहिली, खाटेखाली वाकून फरशीवर हात फिरवला. सगळं कोरडं.

"बाय, पानी गेलं कुठं?" त्यांनी डॉक्टरणीला विचारलं.

"रक्तात, आजोबा. ते दिसणार कसं?"

"जे दिसत न्हाय, त्याचंच तुमी लोक जास्त सांगता!"

तात्या पहारेकऱ्यासारखे खाटेपाशी उभेच राहिले. अन् सकाळी सुनेला हाक मारली, "तेजस्वी, हिकडं ये! हा पोर माझ्या तोंडाकडं असा टक लावून का बघतो? ह्याला कसला संशय आला?"

तेजस्वी धावत आली.

"बघू द्या त्याला, तात्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आजवर डोक्यातल्या पाण्याच्या दाबानं त्याची नजर वर जातच नव्हती. उभ्या माणसाचं तोंड तो आज पहिल्यांदा बघतोय."