बावीस मिनिटांची फाइल

उमाकांतने चौथ्यांदा क्लिक केलं आणि चौथ्यांदा तीच पाटी झळकली: फाइल सापडत नाही. सापडणार नव्हतीच. हे त्याला चैत्रापासून ठाऊक होतं. पण कालीबाई समोर बसली होती, म्हणून तो आपला क्लिक करत राहिला.

"लागते का?" कालीबाईने विचारलं. "अकरा वाजता साहेब बोलावते."

सकाळच्या पहिल्या जीपला लोंबकळत ती धडगावला आली होती. कागदोपत्री वहिवाट दिसत नाही, म्हणून वनजमिनीचा तिचा दावा साहेबाने शेत न बघताच एकदा फेटाळला होता. आज अपिलाची सुनावणी होती. जाणत्या माणसाचा जबाब चालतो असं कळलं, तेव्हा तिच्या मुलाने आजोबांना शेतात नेऊन मोबाइलवर बोलतं केलं होतं. बावीस मिनिटं म्हातारा शेताच्या कडेकडेने चालला होता. हा नाला, हे महूचं झाड, हे दगड माझ्या बापाने रचले, असं एकेक दाखवत. पौषात म्हातारा गेला.

मोबाइलमध्ये जागा उरली नाही म्हणून पोराने तो व्हिडिओ उमाकांतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आणला होता. "इथे टाक आणि तिथला उडवून दे," असं उमाकांतनेच सांगितलं होतं. "माझ्याकडे आहे म्हणजे बँकेच्या लॉकरमध्ये आहे समज." बोलायला काय जातं! पोराने विश्वास ठेवला, मोबाइलमधला उडवला आणि तो गुजरातला कामाला निघून गेला.

माघात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. विंडोज नव्याने टाकायचं, तर आधी सगळं काढून ठेवायला हवं. उमाकांतने स्क्रीनवरची फाइलींची चित्रं उचलून पेन ड्राइव्हमध्ये नेली. बावीस मिनिटांचा व्हिडिओ पापणी लवायच्या आत गेला. एवढी मोठी वस्तू इतक्या झटकन जाते कशी, हा प्रश्न चौदा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला पडायला नको? त्याला वाटलं, आज मशीन खुशीत आहे. त्याने चहा सांगितला. चित्राच्या कोपऱ्यातला इवलासा वाकडा बाण त्याने पाहिलाच नाही. बाण असला की ते चित्र म्हणजे नुसता पत्ता, फाइल नव्हे. पत्ता पेन ड्राइव्हमध्ये आला, फाइल आतच राहिली, आणि त्याने फॉरमॅट मारला.

चैत्रात एकदा सहज उघडून पाहायला गेला, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. त्याने लगेच नंदुरबारला धीरजला फोन लावला. गेलेल्या फाइली परत काढण्यात धीरजचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही.

"भाऊ, मशीन आत्तेच बंद करी दे," धीरज म्हणाला होता. "त्यामा काहीच टाकू नको. तसंच उचल नि लई ये."

पण तीन लग्नांचे व्हिडिओ जोडायचे पडले होते. लग्नवाले रोज दारात. कालीबाई कशाला येते, पोराने आणखी कुठेतरी ठेवला असेलच, अशी स्वतःची समजूत घालत उमाकांतने एक लग्न टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. महिनाभराने धीरजकडे गेला, तर धीरजने नुसती मान हलवली. त्या तिन्ही नवरदेवांची तोंडंसुद्धा आता उमाकांतला आठवत नव्हती.

"कालीबाई, नाही ते," शेवटी तो म्हणाला. "गेलं. माझ्या हातून गेलं. वेळेवर धावलो असतो तर मिळालंही असतं. नाही धावलो."

कालीबाई त्याच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू पाहिलं ना त्यात? मग तू सांग साहेबाला, म्हातारा काय बोलला ते."

व्हिडिओ मोबाइलमधून येत होता तेव्हा उमाकांतने फक्त हिरवी पट्टी भरताना पाहिली होती. भरली, आणि तो दुसऱ्या कुणाचा फॉर्म भरायला वळला होता.

"नाही पाहिलं," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाविसातलं एक मिनिट जरी पाहिलं असतं, तरी आत्ता शटर ओढून तो तिच्याबरोबर गेला असता.

"पुसलं कोणी?" तिने विचारलं.

"तसं पुसलं कोणीच नाही." तिला कसं सांगावं हे त्याला कळेना. "कॉम्प्युटरकडे एक यादी असते. कुठली फाइल कुठे आहे, त्याची. मी फॉरमॅट मारला तेव्हा यादी कोरी झाली. फाइल तिथेच होती."

"म्हातारा तिथेच होता?"

"तिथेच होता. दोन महिने."

"मग?"

"यादीत नाव नाही म्हटल्यावर कॉम्प्युटर ती जागा रिकामी धरतो. आत काय आहे ते बघत नाही. दुसरं कोणी आलं की त्याला देऊन टाकतो. मी लग्नं टाकली, ती म्हाताऱ्यावर बसली."

मांडीवरची कागदांची पिशवी कालीबाईने नीट गुंडाळली, काखेत धरली आणि ती उठली. पावणेअकरा झाले होते. उमाकांतही खुर्चीतून उठला, आणि तसाच उभा राहिला.

दारात थांबून तिने मागे वळून कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"यालापण साहेबानेच शिकवलं का?"