मातीचा खुंट

बहात्तरच्या दुष्काळात, नगरहून मराठवाड्यात वाऱ्यासारखी गाडी न्यायची म्हणून माळावर रेल्वेचा भराव घालायला काढला. गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण गाडी येणार होती!

चांगुणा त्या भरावासाठी माती खणायची. तिचा नवरा छगन, डावा खांदा पाडून चालणारा, आधी याच कामावर पुढं जिल्ह्याच्या हद्दीकडं गेला तो परतलाच नाही. मुकादम म्हणाला, "पळाला असंल मुंबईला."

खड्डा किती खोल गेला ते कळावं म्हणून मधोमध न खणलेल्या मातीचा एक खुंट राखायचा, असा तिथला रिवाज. मोजमाप झालं की तो फोडून टाकायचा.

त्या दिवशी उन्हं कलताना मुकादमानं खुंटाला टेप लावला आणि म्हणाला, "झालं. फोड आता."

चांगुणानं कुदळ उचलली आणि ती थबकली. खुंट होता कमरेएवढा, सरळसोट. सावली मात्र माणसाची पडली होती. डोक्यावर पाटी, डावा खांदा पडलेला.

"मुकादम, ही सावली बगा की वो!"

मुकादमानं मापाच्या वहीतनं मान वर केली नाही. "आमी न्हाई बगत. पार हद्दीपातूर समदे खुंट असंच फोडलेत. फोड, न्हाईतर उद्यापास्नं कामावर येऊ नगंस."

घरी दोन लेकरं कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. चांगुणानं ओठ आवळले आणि कुदळ डोक्यावर नेली.

सावलीनं पाटी टाकून दोन्ही हातांनी डोकं झाकलं.