पिवळी शाई

“ही एवढीशी डबी,” आजीने प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज काउंटरवर ठेवली. “हिच्या किमतीत तुझ्या अर्ध्या वर्गाला रंगपेट्या आल्या असत्या. आलं लक्षात?”

नातीने मान हलवली. नजर पायातल्या चपलांवर.

तीन महिन्यांतली ही तिसरी पिवळी. आजी छापायची ते आठवड्याला दहा-बारा गणितांचे कागद, शेजारपाजारच्या मुलांसाठी, आणि तेही काळ्या शाईत. मग पिवळी जाते कुठे? चित्रांचं वेड घरात एकाच माणसाला होतं. तीन दिवस नात “मी नाही” म्हणत राहिली. आजीने आवाज चढवला नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई ती. जवळ बसवून, पाठीवरून हात फिरवत विचारत राहिली. चौथ्या दिवशी नात “हो” म्हणाली. शिक्षा अशी नव्हतीच. फक्त दुकानात यायचं आणि नवी डबी केवढ्याला पडते ते आपल्या डोळ्यांनी बघायचं.

“आलोच बाई, माळ्यावरून काढून आणतो!” दुकानदार शिडीवरून ओरडला. तोही आजीचाच विद्यार्थी. दुसऱ्या कुणाच्या दुकानाची पायरी आजी कधी चढली नव्हती.

काउंटरवर त्याची बायको होती. रिकामी डबी तिने उलटसुलट करून पाहिली.

“पुन्हा पिवळीच? बाई, प्रिंटर बंद कसा करता हो तुम्ही?”

“भिंतीवरच्या बटणाने. काम झालं की लगेच. उगाच वीज कशाला जाळायची?”

“अगंबाई! मग शाई टिकणार कशी? भिंतीवरून बंद केला की पुढच्या खेपेला सुरू होताना तो आधी तोंड धुतो. तेही शाईने, सगळ्या रंगांच्या. तुम्ही काळं छापा नाहीतर काही छापू नका, तो आपला पीत बसतो. त्याच्या अंगावर बटण असतं ना, त्यानेच बंद करायचा.”

आजीचा हात नातीच्या खांद्यावरून फिरत होता. तो तिथेच थांबला.

“म्हणजे रंगीत काही न छापताही संपते?”

“संपते म्हणजे काय! ह्यांनी नाही सांगितलं तुम्हाला? प्रिंटर जोडायला तुमच्याकडे आले होते ना, तेव्हाच बघून आले होते. घरी येऊन हसत होते, बाई अजून तशाच, काम संपलं की आधी भिंतीवरचं बटण...”

पुढचे शब्द तिने गिळले. नवरा शिडीवरून उतरून मागेच उभा होता. हातात नवी पिवळी डबी.

“तुला माहीत होतं?” आजीने विचारलं.

त्याने डबी बाहीने पुसली. ती आधीच पुसलेली होती.

“बाई, तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

आजी त्याच्याकडे बघत राहिली. भागाकार म्हटला की ह्याला घाम फुटायचा. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवून तिने तो ह्याच्या डोक्यात घातला होता, पावसाळाभर. ह्याने तरी कुठे विचारलं होतं?

“ही राहू द्या माझ्याकडून,” तो म्हणाला. “पैसे नकोत.”

“माळ्यावर ठेव परत.”

“बाई, असं काय करता? धंदा आहे, सगळेच...”

आजी पायऱ्या उतरली. रस्त्याच्या कडेला, बंद शटरपाशी, नातीसमोर वाकून उभी राहिली. गुडघे कुरकुरले.

“तू छापली नव्हतीस चित्रं?”

नातीने नकारार्थी मान हलवली.

“एकही?”

“एकही नाही.”

“मग हो का म्हणालीस, बाळा? मी ओरडले होते का? मारलं होतं?”

“नाही.” नात विचारात पडली. उत्तर नीट द्यायचं, घाई करायची नाही, हे आजीनेच तिला शिकवलं होतं. “तू खूप छान विचारत होतीस. पण नाही म्हटलं की परत विचारायचीस. हो म्हटल्यावर थांबलीस.”