पोरांचं टेबल

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ड्वेनला यंदाही पोरांसाठी वेगळ्या मांडलेल्या बुटक्या टेबलाशीच बसवलं होतं. वय त्रेचाळीस, गुडघे हनुवटीला टेकलेले, समोर कागदी ताटली आणि शेजारी टर्कीच्या तंगडीवरून हमरीतुमरीवर आलेली तीन भाचरं.

वडील गेले तशी मोठ्या टेबलावरची एक खुर्ची रिकामी झाली होती. ती लॉरेटाताईने लेकीच्या मित्राला देऊन टाकली. ओळख तीन आठवड्यांची!

"ताई, मला वाटलं, यंदा मी तिथे..."

"तू आधी लग्न कर, मग बस मोठ्या माणसांत," ताई म्हणाली. "आपल्या घरची पद्धतच आहे ती."

सगळे खो खो हसले. वडील अंथरुणाला खिळले ती दोन वर्षं ड्वेनने रोज त्यांच्याबरोबर प्रार्थना म्हटली आणि त्यांना हाताने भरवलं, तेव्हा त्याचं लग्न न झालेलं सगळ्यांना फार सोयीचं होतं.

मग सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, माना खाली घातल्या, आणि मोठं टेबल गप्पच राहिलं. जेवणाआधीची प्रार्थना दरवर्षी वडील म्हणत. बाकीच्यांना शेवटचं 'आमेन' तेवढं यायचं. टर्की निवायला लागली, तशी ताईने एक डोळा उघडून मान वळवली.

"ड्वेन, बाबांची प्रार्थना तुला पाठ आहे ना रे? म्हण बघू पटकन."

ड्वेन धाकट्या भाचीच्या गळ्यात रुमाल बांधत होता.



"छे गं ताई! मोठ्या माणसांची प्रार्थना ती. आम्हा पोरांना कुठली यायला?"