भावाचं माप

दुपारचं जेवण झालं की धाकटा शिवणाच्या दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर पालथा पडायचा. तळवे टेकायचे, कंबर टेबलाला चिकटलेलीच ठेवून छाती वर उचलायची, क्षणभर थांबायचं, पुन्हा खाली. आजही त्याचं तेच चाललं होतं, आणि थोरला खडूला धार लावत असल्याचं सोंग करून त्याच्याकडे बघत होता.

"आहाहा! दादा, पाठ कशी मोकळी झाली बघ," धाकटा उठून बसत म्हणाला.

"टेबल पुसून घे," थोरला म्हणाला.

थोरल्याची पाठ दुखत होती हे खरंच. पण धाकट्याची पाठ बरी व्हायला लागल्यापासून त्याच्या पोटातही दुखायला लागलं होतं. दुकान एक, दुखणं एक, व्यायाम शिकवणाऱ्या बाईही एकच. तरी उभ्याने कापड बेतणाऱ्या थोरल्याला बाईंनी उताणं झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, आणि "तुम्ही मागे अजिबात वाकायचं नाही," असं वर बजावलं. मशीनवर वाकून बसणाऱ्या धाकट्याला मात्र हा असा फणा काढल्यासारखा ऐटबाज व्यायाम. बाईंनीही वाढताना आपल्याच पानात हात आखडला, असं थोरल्याच्या मनाने घेतलं. लहानपणी सायीची वाटी शेंडेफळाला मिळायची आणि याला मिळायचं 'तू मोठा ना रे'. त्याने चार दिवस गुडघे पोटाशी घेतले आणि सोडून दिले. तान्ही पोरं करतात ते, असं तो बायकोला म्हणाला.

त्यात आज सकाळी धाकटा बोलून गेला होता, "आता मला उभं राहवतं. तू दमलास की मी बेतत जाऊ का?"

साधंच बोलला तो. पण दुकानातल्या त्या मोठ्या कात्रीला थोरल्याखेरीज कुणाचा हात लागत नसे. शिवणारे काय, हवे तेवढे मिळतात. ज्याची कात्री त्याचं दुकान, अशी त्याची समजूत. "माझे हात अजून शाबूत आहेत," असं त्याने सुनावलं आणि उरलेला राग आलेल्या गिऱ्हाइकावर काढला. त्या बिचाऱ्याला भावासाठी कोट शिवायचा होता आणि माप तो स्वतःचं देत होता. अंगकाठी सारखीच आहे म्हणे.

"भाऊ असला म्हणून खांदे सारखे असतात होय? त्यांना घेऊन या!"

दुपारी धाकटा बटणं आणायला गेला, तसं थोरल्याने शटर अर्धं ओढलं. वकिलाच्या कोटाचं भारी कापड टेबलावर खडूने आखून तयार होतं. आज ते कापून व्हायलाच हवं होतं, उद्या ट्रायल होती. त्याने ते अलगद बाजूला सारलं, चपला काढल्या आणि टेबलावर पालथा पडला. धाकट्यापेक्षा वीतभर वरच जायचं, या ईर्ष्येने त्याने छाती उचलली.

कमरेत काहीतरी कचकन आवळलं. खाली येता येईना, वर जाता येईना. कोपरांवर टेकून तो तसाच राहिला, आणि ट्रायलच्या आरशात त्याला स्वतःचंच वेडंवाकडं झालेलं तोंड दिसत राहिलं.

धाकटा शटरखालून आत आला तो दारातच थांबला. हसला असता तर बरं झालं असतं. निदान शिवी तरी देता आली असती.

"माझा व्यायाम केलास?"

"बघत होतो. काय एवढं आहे त्यात."

"अरे दादा, भावाचं माप भावाला चालत नाही, हे सकाळी त्या गिऱ्हाइकाला तूच सांगितलंस ना?"

धाकट्याने त्याला हळूच कुशीवर वळवलं, आधार देऊन खाली चटईवर उताणं निजवलं आणि एकेक गुडघा त्याच्या पोटाशी आणून दिला. कळ जरा ओसरली. आपल्याच व्यायामाने ओसरली, याचा थोरल्याला सगळ्यांत जास्त राग आला.

"उद्या ट्रायल आहे," धाकटा म्हणाला.

"थांबेल वकील."

"तो कसला थांबतोय! समोरच्या दुकानात जाईल."

थोरल्याने चटईवरूनच मान टेबलाकडे वळवली. मग म्हणाला, "रेघेच्या बाहेरून काप. शिवणीला जागा ठेव."

"ठेवतो."

"मुंढ्यापाशी घाई करू नकोस."

खालून त्याला धाकट्याचे फक्त पाय दिसत होते. ते टेबलापाशी येऊन थांबले, आणि कात्रीचा आवाज सुरू झाला. करकर, करकर, सरळ रेघेत. थोरला श्वास रोखून ऐकत होता. बाहीच्या मुंढ्याला गोल वळण असतं. भारी कापडावर शिकाऊ हात तिथे हमखास अडतो. त्याचा स्वतःचाही अडला होता आणि त्याबद्दल वडिलांची थप्पड बसली होती. आता याची कात्रीही तिथे अडावी, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. कापड महागाचं होतं, वाया गेलं तर नुकसान आपलंच होतं, तरीही वाटलं.

कात्री वळणाशी आली, आणि जराही न अडता वळून पुढे गेली.

"दादा, बरोबर चाललंय ना?" वरून आवाज आला.

थोरल्याने गुडघे पोटाशी आणखी घट्ट धरले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. कात्री पुन्हा सुरू झाली. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मधूनमधून बसत जा. त्या टेबलानेच माझी पाठ खाल्ली."