दोन बोटांची जागा

गच्चीवर पसरलेल्या स्लीपिंग बॅगमधले पिसांचे गोळे इरावती चिमटीने मोकळे करत होती. मागच्या मोहिमेत बर्फात बॅगची पायाकडची शिवण उसवली, पिसं उडून गेली आणि थंडीने तिच्या पायाची दोन बोटं खाल्ली.

"भंगारात दे ती," आई कडाडली. "आता काय अख्खा पाय घालवायचाय?"

इरावतीने जुन्या जाकिटातली पिसं पायाकडच्या कप्प्यात भरली, दुहेरी दोऱ्याने शिवण घातली आणि भर उन्हात आत शिरून कुरकुरणारी चेन गळ्यापर्यंत ओढली.

"दोन बोटांची जागा सुटलीय, आई. तिथं पिसं जास्त मावली. मे महिन्यात परत त्याच शिखरावर जाणार."

आईने वाकून शिवण ताणून पाहिली. टाका हलला नाही.

"चेन अडकतेय," ती तोंड फिरवून म्हणाली. "मेणबत्ती फिरव तिच्यावर."